एकेचाळीस की एकोणचाळीस? ऑलिम्पिकमधल्या भारताबद्दल वाचकांचे प्रश्न

पॅरिस ऑलिम्पिकनंतर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

शाळेच्या प्रश्नमंजूषेसाठी 'भारताला आजवर किती ऑलिम्पिक पदकं मिळाली' असा प्रश्न काढला. एका पुस्तकात ४१ आहेत, दुसऱ्यात ३९. बरोबर काय धरायचं? (एक शिक्षिका, ठाणे)

पॅरिस २०२४ धरून ४१. त्यांत १० सुवर्ण, १० रौप्य आणि २१ कांस्य. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मोजणी हीच आहे. दोनाचा फरक पडतो तो नॉर्मन प्रिचर्डमुळे. कोलकात्यात जन्मलेल्या या धावपटूने १९०० साली पॅरिसमध्ये २०० मीटर आणि २०० मीटर अडथळा या दोन शर्यतींत रौप्यपदकं मिळवली. त्या काळी आजच्यासारखे देशांचे संघ नव्हते, खेळाडू बहुतेक आपापल्या क्लबांच्या नावावर उतरत. प्रिचर्ड त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या स्पर्धांतही धावला होता. त्यामुळे ऑलिम्पिक समिती त्याची पदकं भारताच्या खात्यात धरते, तर जागतिक अॅथलेटिक्स संघटना ब्रिटनच्या. प्रश्नातच 'ऑलिम्पिक समितीच्या नोंदीनुसार' एवढे शब्द घाला, म्हणजे मुलांमध्ये भांडण होणार नाही.

बेरीज तपासायची असेल तर खेळवार अशी मांडा: हॉकी १३, कुस्ती ८, नेमबाजी ७, अॅथलेटिक्स ४ (प्रिचर्डची २, नीरज चोप्राची २), बॅडमिंटन ३, बॉक्सिंग ३, वेटलिफ्टिंग २, टेनिस १. हमखास चूक होते ती हॉकीत. अख्ख्या संघाला मिळालेलं पदक देशाच्या खात्यात एकच धरायचं, मग पदक गळ्यात पडलेले खेळाडू कितीही असोत. याच कारणाने लेस्ली क्लॉडियस आणि उधम सिंग यांच्या नावावर प्रत्येकी तीन सुवर्ण आणि एक रौप्य असलं, तरी ती वेगळी मोजत नाहीत. वैयक्तिक सुवर्ण आजवर दोघांनाच मिळालं आहे: बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राला आणि टोकियोत नीरज चोप्राला. टोकियोची स्पर्धा झाली २०२१ मध्ये, पण तिचं अधिकृत नाव 'टोकियो २०२०' असंच आहे. मुलं इथेही फसतात.

भारताचा पहिला ऑलिम्पिक संघ पुण्यातून निघाला असं ऐकलं. खरं किती? (डेक्कन परिसर, पुणे)

बरंचसं खरं आहे. सर दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या मैदानी शर्यतींत त्यांनी शेतकरी घरांतले गडी अनवाणी लांब पल्ला पळताना पाहिले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, शास्त्रशुद्ध सराव नव्हता, तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या आसपास येत होती. हे धावपटू ऑलिम्पिकला पाठवावेत असं टाटांच्या मनाने घेतलं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने भारताला सहभागाची परवानगी मिळाली आणि १९२० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला सहा जण गेले, चार धावपटू आणि दोन पैलवान.

त्यांतली नावं आपल्या ओळखीची आहेत. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. ही मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्या ठरलेल्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ऑलिम्पिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. सदाशिव दातार त्याच शर्यतीत होते, पण त्यांना ती पुरी करता आली नाही. रणधीर शिंदे फेदरवेट कुस्तीत उपांत्य फेरीपर्यंत गेले आणि कांस्यपदक थोडक्यात हुकलं. इंग्रजी नोंदींत त्यांचं आडनाव 'शिंदेस' असं छापलेलं सापडतं, शोधताना ते ध्यानात ठेवा. कुमार नवले दुसरे पैलवान, कैकाडी आणखी एक धावपटू. संघाचा ध्वज हाती घेतला तो बंगालच्या पूर्मा बॅनर्जी यांनी.

पत्रात 'भारतीय ऑलिम्पिक संघटनेने हा संघ पाठवला' असं लिहिलं आहे, तेवढं दुरुस्त करा. ही संघटना १९२७ मध्ये स्थापन झाली, टाटा तिचे पहिले अध्यक्ष. मधल्या १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी दिल्लीत प्रांतांच्या स्पर्धा घेऊन निवड झाली. त्या संघात टेनिसपटू नोरा पॉली होत्या. ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे उतरलेल्या त्या पहिल्या महिला.

खाशाबा जाधव हेलसिंकीत दोन कुस्त्या हरले, तरी कांस्यपदक कसं? आणि १९४८ ला ते का मागे पडले? (कराड)

१९५२ मध्ये कुस्तीची स्पर्धा आजच्यासारखी 'हरला की बाद' अशी नव्हती. प्रत्येक कुस्तीनंतर पैलवानाच्या नावावर दोषगुण चढत. हरलं की जास्त, काठावर जिंकलं तरी थोडे, निर्विवाद जिंकलं तर शून्य. पाच दोषगुण झाले की पैलवान बाहेर. शेवटी उरलेल्यांत ज्याचे दोषगुण सगळ्यांत कमी तो पहिला. म्हणजे एक हार पचवूनही पुढे जाता येत होतं. खाशाबांनी बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. नंतर जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामदबेयोव्ह यांच्याकडून ते हरले. इशीला सुवर्ण, मामदबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. दिवस होता २३ जुलै १९५२. इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर हक्काची अर्ध्या तासाची विश्रांती न मिळता त्यांना लगेच मामदबेयोव्हपुढे उभं केलं गेलं आणि त्यांची बाजू मांडायला कोणी भारतीय अधिकारी तिथे नव्हता, असं सांगितलं जातं. त्याच ऑलिम्पिकला कोल्हापूरकडचेच के. डी. माणगावे फेदरवेटमध्ये चौथे आले. हे नाव आपण फार लवकर विसरलो.

आता १९४८. लंडनला खाशाबा फ्लायवेट म्हणजे ५२ किलोत उतरले आणि सहावे आले. अडचण होती ती मॅटची. तांबड्या मातीत पाय रुततो, त्या आधारावर ताकद लावता येते, घामेजलेल्या अंगाला माती लावली की पकड बसते. मॅटवर पाय रुतत नाही, हात निसटतो, मातीत बसलेला पवित्रा तिथे उंच पडतो आणि समोरचा पायांत शिरतो. मातीत निकाल मुख्यतः चीतपटीवर. मॅटवर पाठ न टेकवताही, ठरल्या वेळात कोण वरचढ राहिला हे पाहून पंच निकाल देतात, म्हणून सतत चाल करावी लागते. खाशाबांना हे लंडनला जाण्याच्या सुमारास, अमेरिकन कुस्तीगीर रीस गार्डनर यांच्या हाताखाली शिकावं लागलं. पुढची चार वर्षं त्यांनी याच गोष्टीवर घालवली. त्यांचा गाजलेला डाव म्हणजे ढाक: समोरच्याची मान काखेत दाबून धरायची आणि त्याला कमरेवरून खाली आणायचं. हा डाव मातीइतकाच मॅटवरही चालतो, कारण तो पायांच्या रोवणीपेक्षा अंगाच्या फिरकीवर उभा आहे.

पैशांचीही गोष्ट सांगायलाच हवी. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. हेलसिंकीच्या वेळी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वरच्या या पैलवानाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. १९८४ मध्ये अपघातात ते गेले, तेव्हा स्वतंत्र भारताचं दुसरं वैयक्तिक पदक यायला अजून बारा वर्षं होती. ते लिएंडर पेसने अटलांटाला १९९६ मध्ये आणलं.

आठ सुवर्णं जिंकणारी हॉकी एकदम कोसळली कशी? 'कृत्रिम गवत आलं' एवढंच सगळे सांगतात. (खडकी)

एकदम कोसळली नाही. १९२८ ते १९५६ सलग सहा सुवर्णं. १९२८ ला अॅम्स्टरडॅममध्ये पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, ध्यानचंद यांनी १४ केले. १९३२ ला अमेरिकेवर २४-१. मात्र तिथे एकूण तीनच संघ होते, हेही सांगावं, नाहीतर त्या आकड्याचा अर्थ चुकतो. स्वतंत्र देश म्हणून पहिलं सुवर्ण १२ ऑगस्ट १९४८ ला, लंडनमध्ये, ब्रिटनलाच ४-० हरवून. १९६० ला रोममध्ये पाकिस्तानकडून ०-१ हार, १९६४ ला त्यांच्यावर १-० विजय, मग १९६८ आणि १९७२ ला कांस्य. उतार १९६० पासूनच दिसतो. गवत बदललं नव्हतं तेव्हाही बाकीचे देश जवळ येत होते.

१९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली. भारताने आदल्याच वर्षी क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकला होता, आणि इथे ऑस्ट्रेलियाकडून १-६ खाऊन सातवा क्रमांक आला. फरक कुठे पडला ते मैदानावरच कळतं. गवतावर चेंडू उडतो, वळतो, म्हणून तो काठीला चिकटवून नेणारा खेळाडू वरचढ ठरतो. कृत्रिम मैदान सपाट, वर पाणी मारलेलं. चेंडू सरळ आणि जोरात जातो, पन्नास मीटरचा पासही नेमका पोचतो. मग माणसापेक्षा चेंडू पळवणारा संघ जिंकतो. बचाव करणाऱ्याला वळणाऱ्या चेंडूची वाट पाहावी लागत नाही. पेनल्टी कॉर्नरला चेंडू थांबवणं सोपं झालं, त्यामुळे त्यावरचे गोल वाढले. मैदान उसळी देत नसल्याने खेळाडूला वाकून, खाली बसून, जास्त वेळ धावावं लागतं, म्हणजे दमही निराळा लागतो. आणि आपली मुलं वर्षानुवर्षं मातीच्या नाहीतर गवताच्या मैदानावर शिकत, कृत्रिम मैदान त्यांना थेट वरिष्ठ पातळीवर भेटे. हात सोळाव्या वर्षापर्यंत तयार झालेले असतात.

१९८० चं मॉस्कोचं सुवर्ण स्पेनवर ४-३ असं मिळालं, पण बहिष्कारामुळे बरेच बलाढ्य संघ आले नव्हते. खडकीच्याच धनराज पिल्लैने १९९२ ते २००४ अशी चार ऑलिम्पिक खेळली आणि एकदाही पदक मिळालं नाही, यावरून त्या काळाची कल्पना यावी. २००८ ला तर पात्रताच हुकली. टोकियोला जर्मनीवर ५-४ करून ४१ वर्षांनी कांस्य आलं. पॅरिसला पुन्हा कांस्य, आणि १९७२ नंतर प्रथमच ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियावर विजय. या पिढीच्या हातात काठी आली तेव्हापासून कृत्रिम मैदान होतं, हे आम्हाला महत्त्वाचं कारण वाटतं.

विनेश फोगाट पहिल्या दिवशी वजनात बसली, मग दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅमवरून बाद कशी? आमच्या तालमीतली मुलंही वजन तोडतात, काय सांगावं? (वस्ताद, सांगली)

ऑलिम्पिकमध्ये एका वजनगटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. पहिल्या दिवशी काट्यावर जायला अर्धा तास, दुसऱ्या दिवशी फक्त पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात कितीही वेळा काट्यावर चढा, पण सूट एका ग्रॅमचीही नाही. दुसऱ्या दिवशी जास्त भरलं तर आदल्या दिवसाच्या विजयासकट नाव शेवटच्या क्रमांकावर जातं. ६ ऑगस्ट २०२४ ला विनेशने ५० किलो गटात जपानच्या युई सुसाकीला ३-२ हरवलं, मग आणखी दोन कुस्त्या जिंकून अंतिम फेरी गाठली. ७ तारखेच्या सकाळी काटा ५०.१ किलोवर थांबला. उपांत्य फेरीत तिच्याकडून हरलेली क्युबाची पैलवान अंतिम फेरीत गेली. संयुक्त रौप्यासाठीचा विनेशचा अर्ज क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला फेटाळला.

मूळ कारण आदल्या वर्षीचं. विनेशचा नेहमीचा गट ५३ किलो. तिथे ऑलिम्पिकची जागा अंतिम पंघाल या दुसऱ्या भारतीय पैलवानाने २०२३ मध्येच मिळवली होती. ऑलिम्पिकमध्ये महिलांचे सहाच गट आहेत: ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६. त्यामुळे तिला खाली ५० मध्ये यावं लागलं. एवढं वजन उतरतं ते शेवटच्या दिवसांत मुख्यतः पाण्याचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काट्यानंतर खाणंपिणं केल्याशिवाय तीन कुस्त्या लढता येत नाहीत, आणि ते केलं की सुकलेलं अंग पाणी धरून ठेवतं. संध्याकाळपर्यंत दोन-अडीच किलो परत चढतात. मग रात्रभर घाम काढायचा. पण ज्या अंगात काढण्यासारखं पाणीच उरलेलं नाही, ते घामही सोडत नाही. केस कापूनही शंभर ग्रॅम राहिले ते यामुळे.

तालमीतल्या मुलांसाठी आमचं सांगणं स्पष्ट आहे. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. दोन आठवड्यांची सरासरी गटाच्या मर्यादेपेक्षा दोन-तीन टक्क्यांहून वर असेल तर वरच्या गटात लढवा. ५७ किलोच्या गटासाठी हे दीड किलोच्या आसपास येतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अजिबात नकोत, त्या उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत आणि हृदयाला धोका वेगळाच. प्लास्टिकचे कपडे घालून बंद खोलीत पळवणं थांबवा. १९९७ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन पैलवानांचे असेच वजन तोडताना काही आठवड्यांत तीन मृत्यू झाले आणि तिथले नियम बदलावे लागले. सोळा वर्षांखालच्या मुलाचं वजन तोडूच नका, त्याची हाडं वाढत असतात.

मुलगी ८०० मीटर चांगली पळते, वय १६. ऑलिम्पिकपर्यंतचा रस्ता कसा असतो? (पालक, नाशिक)

आधी जन्मदाखला आणि जिल्हा अॅथलेटिक्स संघटनेतली नोंदणी नीट करून घ्या. वयाच्या गटात खेळताना हाडांच्या तपासणीने वय पडताळलं जाऊ शकतं, कागदावर एक आणि तपासणीत दुसरं निघालं तर बंदी येते. पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय कनिष्ठ गट अशी पायरी. घड्याळ हाताने लावलेली वेळ वर कुठेही धरत नाहीत. तेव्हा वर्षातून निदान दोन-तीन स्पर्धा अशा निवडा जिथे इलेक्ट्रॉनिक वेळ घेतात.

अंदाज यावा म्हणून सांगतो: पॅरिससाठी महिलांच्या ८०० मीटरची पात्रतेची वेळ १ मिनिट ५९.३० सेकंद होती, एका देशाच्या जास्तीत जास्त तिघी, एकूण ४८ जागा. साधारण निम्म्या जागा या वेळेवर, उरलेल्या जागतिक क्रमवारीवर भरतात. क्रमवारीत वेळेबरोबर स्पर्धेचा दर्जा आणि त्यातला क्रमांकही मोजतात. नाशिकच्या कविता राऊत २०१६ ला रिओत मॅरेथॉन धावल्या. त्याच वेळी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली, त्यानंतर ट्रॅकवर तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.

सर्दीखोकल्याचं औषधही खेळाडूंच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. काहींत बंदी असलेले घटक असतात आणि 'माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही.

एक फरक ध्यानात घ्या. अॅथलेटिक्समध्ये पात्रता खेळाडूची असते. नेमबाजीत मात्र खेळाडूने मिळवलेली जागा देशाची होते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ ला कैरोत १० मीटर एअर रायफलमध्ये देशाला जागा मिळवून दिली, पण दिल्ली-भोपाळच्या निवड चाचण्यांनंतर पॅरिसला दुसरे गेले. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनेही आपली जागा कैरोतच मिळवली होती. तो मात्र चाचण्यांतही टिकला. पॅरिसला पात्रता फेरीत ५९० गुणांनी सातवा आला आणि १ ऑगस्टला अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं हे वैयक्तिक पदक.

मिल्खा सिंग यांची रोममधली ४०० मीटरची वेळ कुठे ४५.६, कुठे ४५.७३. कोणती खरी? (रत्नागिरी)

दोन्ही. १९६० ला अधिकृत वेळ हाताच्या घड्याळाने घेत, ती ४५.६. जोडीला चालू असलेल्या विजेच्या यंत्राने ४५.७३ दाखवली. तिसरा आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम स्पेन्सची वेळ ४५.५ आणि ४५.६०. तुलना करताना हाताची वेळ हाताच्याच वेळेशी करा. पी. टी. उषाचं लॉस एंजेलिसचं कांस्य तर याहून बारीक फरकाने हुकलं, ५५.४२ विरुद्ध ५५.४१. शेवटची रेषा धडाने ओलांडावी लागते. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. म्हणून प्रशिक्षक शेवटच्या पावलाला छाती पुढे टाकायला लावतात.

मुरलीकांत पेटकर यांचं सुवर्ण तुमच्या ४१ मध्ये आहे का? (इस्लामपूर)

नाही, पॅरालिम्पिकची पदकं वेगळी मोजतात. सांगली जिल्ह्यातल्या पेटकरांनी १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरून भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण ते, अभिनव बिंद्राच्या ३६ वर्षं आधीचं. ठाण्याच्या बाईंनी प्रश्नमंजूषेत हाही प्रश्न घालावा.